वगळलेल्यांचा संघ

सचिन तेंडुलकर आणि मी एकाच साली, १९७३ मध्ये, एकाच शहरात जन्मलो. १९८९ साली निवड समितीनं सोळा वर्षांचा एक मुलगा पाकिस्तानच्या दौऱ्यावर पाठवायचं ठरवलं, तेव्हा माझ्या नावाचा विचारसुद्धा झाला नाही. मी तेव्हा अकरावी कॉमर्सला होतो आणि गिरगावातल्या आमच्या चाळीच्या चौकात ‘एक टप्पा आऊट’च्या नियमानं बऱ्यापैकी खेळत होतो. चेंडू दुसऱ्या मजल्यावर गेला की आऊट, आणि वर तो आणायलाही आपणच जायचं, असा कायदा असल्यामुळे माझे सगळे फटके जमिनीलगत असत. शुद्ध तंत्र म्हणतात ते हेच. संघ जाहीर झाल्याची बातमी वाचून काकांनी पेपरची घडी केली, माझ्याकडे बघितलं आणि एवढंच म्हणाले, “आपल्याला पुढे करणारं कोणी नाही रे.”

आमच्या घराण्यात निवड न होण्याचा संबंध खेळाशी जोडत नाहीत.

घरात हा विषय पेटला तो १९७१ साली, माझ्या जन्माच्याही आधी. वेस्ट इंडिजच्या दौऱ्यावर कर्णधार म्हणून पतौडींना न्यायचं की अजित वाडेकरांना, यावर निवड समितीत मतं समसमान झाली आणि अध्यक्ष विजय मर्चंट यांनी आपलं निर्णायक मत वाडेकरांना टाकलं. एका मतानं नवाब गेले आणि शिवाजी पार्कावर खेळलेला, स्टेट बँकेत नोकरी करणारा माणूस कर्णधार झाला. आमचे वडील वाडेकरांच्या बाजूचे. त्यांची स्वतःची नोकरीही बँकेतली, त्यामुळे त्यांना ती खात्यांतर्गत बढतीच वाटली. काका पतौडींचे. काकांचा पाठिंबा पतौडींच्या फलंदाजीला किती आणि शर्मिला टागोरना किती, हे काकूला शेवटपर्यंत उलगडलं नाही. एका खोलीत दोन पक्ष झाले आणि मधे स्टोव्ह.

वाडेकरांचा संघ तिथे जिंकला. गावसकरनं पहिल्याच मालिकेत ७७४ धावा काढल्या. त्याच वर्षी आपण इंग्लंडमध्येही जिंकलो. वडिलांनी पुढची तीन वर्षं काकांना घरात तोंड उघडू दिलं नाही. मग १९७४ साल आलं आणि लॉर्ड्सवर आपला अख्खा डाव ४२ धावांत आटोपला. आई सांगते, त्या संध्याकाळी काका जिलबी घेऊन आले. चाळीत सुतक आणि आमच्या खोलीत जिलबी. देश हरल्याचं काकांना वाईट वाटलं नसेल असं नाही, पण तीन वर्षं तुंबलेलं ‘मी सांगत होतो’ अखेर बाहेर पडलं होतं. खऱ्या क्रिकेटवेड्याला देश जिंकलेला आवडतो. आपण बरोबर ठरलेलं त्याहून थोडं जास्त आवडतं. दोन्ही एकदम जमलं तर सोन्याहून पिवळं, पण तसा योग क्वचित येतो.

गंमत त्यापुढची आहे. त्या दौऱ्यानंतर वाडेकरांना पश्चिम विभागाच्या संघातूनही वगळलं आणि ते निवृत्त झाले. झालं, वडिलांना दहा हत्तींचं बळ आलं. कर्णधार वाडेकर हरू शकत होते. वगळलेल्या वाडेकरांना आता हरवणारा कोणी जन्माला यायचा होता. पुढे कितीतरी वर्षं भारत कुठेही हरला की वडील म्हणायचे, “आज वाडेकर असता तर…” आणि वाक्य तिथेच सोडून द्यायचे. ते पुरं करायची गरजच नसे. जो खेळायलाच येत नाही त्याची दांडी कोण उडवणार?

यथावकाश मला नोकरी लागली, लग्न झालं आणि गिरगावातली खोली सोडून आम्ही डोंबिवलीला गेलो. माझं क्रिकेटचं उच्च शिक्षण मध्य रेल्वेवर झालं. आमच्या लोकलच्या ग्रुपमध्ये कुणालाही कुणाचं आडनाव माहीत नाही. जो ज्या स्टेशनात चढतो, त्या स्टेशनाचं नाव त्याला. पूर्वी राष्ट्रीय निवड समितीत उत्तर, दक्षिण, पूर्व, पश्चिम आणि मध्य अशा पाच विभागांचा एकेक प्रतिनिधी असे. आमच्याकडेही पाच विभाग आहेत: बदलापूर, अंबरनाथ, कल्याण, डोंबिवली आणि ठाणे. पाचही मध्य विभागाचेच, पण भांडणं राष्ट्रीय दर्जाची.

बदलापूर सगळ्यांत ज्येष्ठ. गाडी तिथूनच सुटते, म्हणून खिडकी त्यांची. त्यांचं तारुण्य शिवाजी पार्काच्या कट्ट्यावर गेलं आणि पद्माकर शिवलकर कसोटी खेळले नाहीत हे त्यांचं आयुष्यातलं एकमेव दुःख आहे. घर घेताना बिल्डरनं फसवलं, त्याचंसुद्धा एवढं मनाला लावून घेतलं नाही त्यांनी. शिवलकरांचे प्रथम श्रेणीतले ५८९ बळी ते विष्णुसहस्रनाम म्हणावं तसे म्हणतात, आणि १९७३ च्या रणजी अंतिम सामन्यात चेपॉकवर त्यांनी १६ धावांत आठ जण उडवले हे सांगताना विक्रोळी कधी गेलं ते कळत नाही. अंबरनाथ मूळचे कोल्हापूरचे. त्यांचा मुद्दा सदैव एकच, आणि तो आकडी आहे. “चारशे त्रेचाळीस, नाबाद! काय सांगालायसा शिवलकर शिवलकर?” कोल्हापूरच्या भाऊसाहेब निंबाळकरांनी १९४८ साली पुण्यात काठियावाडविरुद्ध ४४३ धावा केल्या. ब्रॅडमनचा ४५२ चा विक्रम मोडायला दहा धावा हव्या होत्या. तेवढ्यात मधल्या सुट्टीत काठियावाडच्या कर्णधारानं, म्हणजे राजकोटच्या ठाकूरसाहेबांनी, आमच्या नावावर हा विक्रम नको म्हणून सामनाच सोडला आणि मंडळी निघून गेली. निंबाळकर एकही कसोटी खेळले नाहीत. अंबरनाथांना याचं कारण कोणी विचारलं की ते नुसते खिडकीबाहेर बघतात आणि “राजकारण” म्हणतात. आजवर त्यांनी काठियावाडला माफ केलेलं नाही. ऑफिसातल्या भावनगरच्या माणसाशीही ते कामापुरतंच बोलतात.

कल्याण हा ग्रुपमधला तरुण मुलगा, आयटीतला. त्याच्या मोबाइलमध्ये सगळं असतं. म्हातारी माणसं आठवणींवर जो वाद तासभर चालवू शकतात, तो हा पोरगा अंगठ्यानं अर्ध्या मिनिटात संपवतो. म्हणून तो कुणाला फारसा आवडत नाही. ठाणे सगळ्यात शेवटी चढतात आणि दारातच लटकतात. चर्चेची सुरुवात त्यांना माहीत नसते, पण मतं समसमान पडली की विजय मर्चंटांचं काम दारातून तेच करतात.

या समितीची तळागाळातल्या गुणवत्तेवरची निष्ठा मी प्रत्यक्ष बघितली आहे. एकदा डोंबिवलीला पाठीवर किट बॅग घेतलेला बारा-तेरा वर्षांचा मुलगा माझ्यामागून डब्यात घुसला. त्याला बिचाऱ्याला आझाद मैदानावर पोचायचं होतं. “ए, बॅग वर टाक.” “वर कुठे टाकतो, माझा डबा आहे तिथे!” “लगेजच्या डब्यात जा ना.” “शाळा नाही का रे तुला? आईबापांना कळत कसं नाही?” बॅटचा दांडा अंबरनाथांच्या बरगडीत गेला तेव्हा पाचही विभागांनी एकमतानं ठराव करून त्याला पुढच्या स्टेशनात डबा बदलायला लावला. मग सगळे नीट सरकून बसले आणि छोट्या गावांतली गुणी पोरं वर का येत नाहीत, यावर भायखळ्यापर्यंत फार चांगली चर्चा झाली. अजिंक्य रहाणे लहानपणी याच डोंबिवलीहून असाच लोकलनं सरावाला जायचा. त्याच्या डब्यात कोण होतं, याची चौकशी मी कधी केलेली नाही.

आता, भारताच्या चौथ्या क्रमांकाचा प्रश्न जितका लोकलच्या प्रवाशाला कळतो तितका तो कुठल्याच समालोचकाला कळलेला नाही. बाकडं असतं तिघांचं. चौथा टेकतो. त्याचं अर्धं अंग सीटवर आणि अर्धं हवेत. ब्रेक लागला की पहिला तोच जातो आणि तिसरा जरा ऐसपैस बसला तरी दोष चौथ्याचाच, की याला बसता येत नाही. २०१९ च्या विश्वचषकाआधी अंबाती रायुडू त्या जागेवर नीट टेकला होता. ऐन वेळी त्याला उठवून विजय शंकरला बसवलं, कारण निवड समितीच्या मते विजय शंकरला तीन मिती होत्या: फलंदाजी, गोलंदाजी आणि क्षेत्ररक्षण. रायुडूनं जाहीर केलं की विश्वचषक बघायला मी थ्री-डी चष्मा मागवलाय. बदलापूर त्या दिवशी इतके हसले की त्यांचा खरा चष्मा रुळांवर पडता पडता राहिला. पुढे विजय शंकरला दुखापत झाली, तरी रायुडूला बोलावलं नाही. त्यानं निवृत्तीच जाहीर केली आणि आइसलँडच्या क्रिकेट मंडळानं त्याला आमच्याकडे या म्हणून गमतीत निमंत्रण दिलं. उपांत्य सामन्यात न्यूझीलंडसमोर आपले तीन गडी पाच धावांत तंबूत परतले. दुसऱ्या दिवशी ठाण्यांनी दारातून सगळ्यांना वडापाव दिले. का, ते सांगितलं नाही. मला मात्र जिलबीचा वास आला.

आणि तरीही रायुडू त्या दिवशी खेळता तर काय झालं असतं? पाचला दोन असताना आलेला माणूस बहुधा सहाला चौथा होऊन गेला असता. पण हे डब्यात बोलायचं नसतं.

वगळलेल्या माणसाला पुन्हा खेळवणं किती घातक असतं, ते करुण नायरच्या बाबतीत दिसलं. त्यात माझा स्वतःचा संबंध असल्यामुळे जरा सविस्तर सांगतो. २०१६ च्या डिसेंबरात चेन्नईला करुण नायरनं नाबाद ३०३ धावा केल्या. तो संघात होता कारण रहाणे जायबंदी होता. पुढच्याच कसोटीत रहाणे बरा होऊन आला आणि त्रिशतकवाला बाहेर बसला. कल्याण संतापला होता. “काका, तीनशे मारून कोण बाहेर बसतं?” आता प्रश्न डोंबिवलीचा होता. मी शांतपणे मुद्दा मांडला, की रजेवर गेलेल्या माणसाची खुर्ची बदलीवाल्यानं चार दिवस चांगलं काम केलं म्हणून बळकवायची नसते. डब्यात एकदम शांतता पसरली. सगळे नोकरदार. प्रत्येकाच्या डोळ्यांपुढे आपापली खुर्ची आणि आपापला बदलीवाला उभा राहिला. ठराव मंजूर झाला.

पुढे अॅडलेडला आपण ३६ धावांत बाद झालो, कोहली घरी परतला आणि रहाणेनं कर्णधार म्हणून मेलबर्नला शतक ठोकून ती मालिका फिरवली. तो आठवडा मी डोंबिवली स्टेशनवर जरा छाती काढूनच चालत होतो. नंतर रहाणेच्या धावा आटल्या आणि त्याला वगळलं, तेव्हा मी डब्यात विचारलं, की ज्यानं मेलबर्न जिंकून दिलं त्याची एवढी तरी आठवण ठेवायची की नाही? कल्याण म्हणाला, “करुण नायरच्या वेळी तुम्ही बरोबर उलटं बोलला होतात.” या मुलाचा हाच दोष आहे, तो लक्षात ठेवतो.

तर करुण नायर. आठ वर्षं तो संघाबाहेर होता आणि त्या आठ वर्षांत आमच्या डब्यात त्याच्याएवढा मोठा फलंदाज नव्हता. कुणीही लवकर बाद झालं की “करुणला घ्या!” २०२५ मध्ये त्याला खरंच घेतलं, इंग्लंडला नेलं. चार कसोटींत एक अर्धशतक. बाहेर असताना तो तीनशेचा होता, आत आल्यावर पंचविशीचा झाला. आता पुन्हा वगळलाय. वर्ष-दोन वर्षांत पूर्ववत मोठा होईल, माझी खात्री आहे.

बाकी वादाचे नियम ठरलेले आहेत. आपल्या माणसाला घेतलं तर गुणवत्ता, दुसऱ्याच्या माणसाला घेतलं तर लॉबी. मुंबईकर निवड समितीचा अध्यक्ष असला की चेन्नईवाले लॉबी म्हणतात आणि नसला की आपण म्हणतो. पण २०२५ साली ही व्यवस्था कोलमडली. ज्या रोहित शर्माला २०११ च्या विश्वचषकाला घेतलं नव्हतं म्हणून बोरिवली अजून धुमसते, त्यानं कर्णधार म्हणून मार्चमध्ये चॅम्पियन्स ट्रॉफी जिंकली आणि ऑक्टोबरात एकदिवसीय संघाचं कर्णधारपद त्याच्याकडून काढून गिलला दिलं. दिलं कोणी? अजित आगरकरांच्या समितीनं. म्हणजे मुंबईच्या माणसानं मुंबईच्या माणसाला काढून पंजाबच्या माणसाला बसवलं. याचं प्रांतिक स्पष्टीकरण काय द्यायचं, ते पाचांपैकी एकाही विभागाला सुचेना. ठाणे शेवटी म्हणाले, “आपल्याच माणसांनी घात केला,” आणि हे मराठी इतिहासात बसणारं असल्यामुळे सगळ्यांना पटलं.

आमच्या समितीचं सर्वांत मोठं अधिवेशन भरलं ते पावसात. कुर्ल्याला पाणी भरलं, गाडी विद्याविहारच्या अलीकडे उभी राहिली, आणि बदलापूरनी प्रस्ताव मांडला की ज्यांना कसोटी खेळायला कधीच मिळाली नाही, अशांचा एक संघ करूया. कुणाला वगळायचं नाही, नुसता सन्मान. सगळ्यांना गहिवरून आलं.

निंबाळकर सलामीला की तिसऱ्या क्रमांकावर, यावर फक्त वीस मिनिटं गेली. अमोल मुझुमदार निर्विवाद. १९८८ साली सचिन आणि कांबळी आझाद मैदानावर ६६४ ची भागीदारी करत होते तेव्हा पॅड बांधून बसलेला पुढचा फलंदाज हाच. त्यानंतर रणजीच्या पहिल्या सामन्यात २६०, प्रथम श्रेणीत अकरा हजारांवर धावा, आणि तरीही भारताच्या वतीनं बसूनच राहिला. हरियाणाचा अमरजित केपी आला. दिल्लीचा मिथुन मनहास आला. कर्णधार प्रा. दि. ब. देवधर असावेत असं अंबरनाथांनी सुचवलं, तर कल्याणनं हरकत घेतली की १९३२ साली भारत पहिली कसोटी खेळला तेव्हा देवधर चाळिशीचे होते, ते वगळलेले नाहीत, वयात बसले नाहीत. “संस्कृतचे प्राध्यापक होते ते!” बदलापूर गरजले. याचा स्विंगशी संबंध काय, ते कल्याणनं विचारलं नाही. वेगवान गोलंदाज सापडेना; कारण आपल्याकडे त्या काळात जो जोरात टाके त्याला लगेच घेत असत. मग पुण्याचे पांडुरंग साळगावकर आठवले आणि डब्यात टाळ्या पडल्या. पलीकडच्या भजनी मंडळाला वाटलं गाडी सुटली.

इथवर सगळं छान चाललं होतं. मग आली फिरकी. शिवलकर अर्थातच होते. ठाणे दारातून म्हणाले, “राजिंदर गोयल! ७५० बळी.” गोयल हरियाणाचे, तेही डावखुरे फिरकी गोलंदाज, तेही बिशनसिंग बेदींच्या काळात जन्मण्याचा गुन्हा केलेले. कल्याणनं मान वर करून म्हटलं, “एका संघात दोन डावरे स्पिनर बसणार नाहीत. बॅलन्स जातो. एकाला ड्रॉप करावं लागेल. आकड्यांवर बघितलं तर शिवलकर…”

बदलापूर उभे राहिले. खिडकी सोडून उभे राहिले. इतक्या वर्षांत मी हे पहिल्यांदा बघितलं. ज्या अन्यायावर त्यांनी अख्खं आयुष्य काढलं तो अन्याय, अन्यायग्रस्तांच्या संघात, त्यांच्या डोळ्यांदेखत, पुन्हा होऊ घातला होता. गावसकरांनी आपल्या ‘आयडॉल्स’ या पुस्तकात कसोटी न खेळलेल्या या दोघांनाही मानाचं पान दिलं, पण त्यांना काय, पुस्तकाची पानं वाढवता येतात. शेवटी मतदान झालं. दोन-दोन मतं पडली. निर्णायक मत ठाण्यांचं, आणि ठाणे त्याच क्षणी खाली उतरून रुळांवरून चालायला लागले. तो संघ आजतागायत दहा जणांचाच आहे.

हे सगळं बाहेरून बोलणं झालं. दोन वर्षांपूर्वी आमच्या सोसायटीनं बॉक्स क्रिकेटच्या स्पर्धेत संघ उतरवायचं ठरवलं आणि निवड समितीवर माझी नेमणूक झाली. खेळाडू आठ, इच्छुक सतरा. समितीत सेक्रेटरी, मी आणि सी विंगमधले एक निवृत्त गृहस्थ, ज्यांची कीर्ती अशी की त्यांनी विद्यापीठाच्या संघाची निवड चाचणी पाहिली होती. दिली नव्हती, पाहिली होती.

पहिली अडचण म्हणजे आमचा सर्वांत जोरदार फलंदाज मेंटेनन्सचा थकबाकीदार निघाला. सेक्रेटरी म्हणाले, थकबाकीदाराला सोसायटीचा टी-शर्ट घालता येणार नाही, उपविधी आहेत. मी म्हटलं, तो षटकाला दोन सिक्स मारतो. ते म्हणाले, तीन तिमाह्या थकल्यात. उत्तम गोलंदाज होता तो ए विंगमधला भाडेकरू. भाडेकरूला मताधिकार नाही, तर गोलंदाजीचा अधिकार आहे का? निवृत्त गृहस्थांनी वकिलाचा सल्ला घेऊया म्हणून सुचवलं. टी-शर्टांचे पैसे देणाऱ्या गृहस्थांनी अट अशी काही घातली नव्हती, फक्त आपला मुलगा ‘ओपनिंगला जास्त खुलतो’ एवढं मला लिफ्टमध्ये सांगितलं होतं. तिसऱ्या मजल्यावर गाठून, वर जाताना.

बी विंगमध्ये माझा मेहुणा राहतो. बायकोचा सख्खा धाकटा भाऊ. मेहुणा वाईट खेळत नाही. तो खेळत नाहीच, उभा राहतो. चेंडू अंगावर आला की बाजूला होतो आणि मग “लेफ्ट इट” म्हणतो. मी त्याचं नाव घातलं नाही. वशिलेबाजीवर ज्याचं घराणं दोन पिढ्या बोलत आलंय, त्याला हे करणं भागच होतं.

त्या रात्री घरी भाकरी थंड आली. “आपला माणूस आत असून उपयोग काय?” बायकोनं हा प्रश्न मला विचारला नाही, कुकरला विचारला. सासूबाईंचा कल्याणहून फोन आला, आणि त्यांनी सगळ्यांची चौकशी केली, माझी सोडून. संघ पहिल्याच फेरीत गारद झाला. मेहुणा मैदानाच्या जाळीबाहेर सरबत पीत उभा होता. हरल्यावर तो जवळ आला, माझ्या खांद्यावर हात ठेवला आणि म्हणाला, “जाऊ दे हो भावजी. तुम्ही तरी काय करणार.” तेव्हापासून नातेवाइकांत त्याची ख्याती चढत्या भाजणीची आहे. गणपतीत मी माझ्या कानांनी ऐकलं, सासूबाई कुणाला तरी सांगत होत्या, “आमच्याला घेतलं असतं तर ट्रॉफी इथे टेबलावर असती.” संपूर्ण आयुष्यात तो एवढं चांगलं कधी खेळला नव्हता.

तेव्हापासून निवड समितीबद्दल वाईट बोलताना माझा आवाज जरा खाली येतो. १९८८ साली संघातून वगळल्यावर मोहिंदर अमरनाथनं निवड समितीला विदूषकांचा ताफा म्हटलं होतं आणि पुढे तो स्वतः त्या समितीत जाऊन बसला. त्याच्या घरी भाकरी कशी आली असेल, असा विचार माझ्या मनात येऊन जातो. संदीप पाटीलला १९८४ मध्ये दिल्लीच्या कसोटीतल्या एका बेजबाबदार फटक्यासाठी कपिल देवबरोबर वगळलं. कपिल एका सामन्यानं परत आला, पाटील कसोटीत कधीच नाही. त्याच्या जागी आलेल्या अझरुद्दीननं पहिल्याच कसोटीत शतक मारलं. आणि मग २०१२ साली तोच पाटील निवड समितीचा अध्यक्ष झाला. वगळलेल्यांना वगळायचं काम द्यावं, यामागे मंडळाचं काही धोरण आहे की काय, कोण जाणे. २०२५ मध्ये तर आमच्या पावसातल्या संघातला मिथुन मनहास थेट बोर्डाचा अध्यक्ष झाला.

आणि अमोल मुझुमदार? २०२५ च्या २ नोव्हेंबरला नवी मुंबईत डी. वाय. पाटील स्टेडियमवर भारताच्या मुलींनी विश्वचषक जिंकला, तेव्हा त्यांचा प्रशिक्षक तो होता. त्या स्पर्धेची आमच्या डब्यात आधी चर्चाच झाली नव्हती. नाही म्हणायला, सांगलीची स्मृती मानधना खेळणार हे अंबरनाथांना कोल्हापूरच्या शेजारधर्मामुळे माहीत होतं. बाकी संघ कुणी निवडला, कुणाला वगळलं, यावर पाच विभागांचं मिळून शून्य मत. उपांत्य सामन्यात जेमिमा रॉड्रिग्जनं ऑस्ट्रेलियाचे ३३८ पार करताना नाबाद १२७ केल्या. माझ्या लेकीनं मला सोफ्यावरून सांगितलं की हिला याच स्पर्धेत इंग्लंडविरुद्ध बाहेर बसवलं होतं. अंतिम सामन्यात शेफाली वर्मानं ८७ केल्या आणि वर दोन बळी घेतले. ती तर पहिल्या पंधरात नव्हतीच. प्रतिका रावल जायबंदी झाली म्हणून ऐन वेळी बोलावलेली. मध्यरात्र उलटून गेली होती. लेक म्हणाली, “बाबा, तुम्ही असतात तर शेफालीला घेतलं असतंत?”

मी म्हटलं, आमच्या डब्यात विषय निघाला नव्हता.

सोमवारी सकाळी गाडीत सगळ्यांचे डोळे तांबारलेले. अभिनंदन झालं, पेढे झाले, आणि मग एक अवघड शांतता पसरली. भारतानं विश्वचषक जिंकला होता आणि ‘मी सांगत होतो’ म्हणायला डब्यात एकही माणूस नव्हता. दिवा गेलं, कळवा गेलं. एवढा आनंद झालेला असताना इतकी गप्प बसलेली माणसं मी बघितली नव्हती. ठाणे चढले, दारात उभे राहिले, आणि सावकाश म्हणाले, “मला एक सांगा. प्रतिका बरी होऊन आली की ओपनिंगला कोण?”

डबा जागा झाला. “सांगलीची जागा पक्की हाय,” अंबरनाथ म्हणाले, “भांडण दुसऱ्या टोकाचं.” “फायनलच्या सामनावीराला बाहेर बसवणार?” “मग प्रतिकानं तीनशे धावा काय उगाच केल्या?” कल्याणचा अंगठा चालू झाला. मी घसा साफ केला आणि म्हटलं, की रजेवर गेलेल्या माणसाची खुर्ची…

“काका, हे तुमचं २०१७ मध्ये बोलून झालंय.”

“असू दे, असू दे,” बदलापूर खिडकीतून वळून म्हणाले. “ते मागून बघू. त्या प्रतिकाच्या गळ्यात पदक का घातलं नाही, ते आधी सांगा मला.”